शर्यत जिथे संपायची तो खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. लगेच पान उलटू नका. खांबाच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे तुमच्या मनात आले असेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. विजेचे खांब, फाटकाचे खांब, कपडे वाळत घालायच्या दोरीचे खांब तुम्ही रोज पाहता आणि ते बिचारे खरोखरच गप्प असतात. मी मात्र घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उभा होतो. तिथली प्रत्येक शर्यत माझ्यापाशी येऊन संपायची.

मी आधी एका उंच, सरळ झाडाचा बुंधा होतो. त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही, फक्त पानांचा आवाज आठवतो. मग एका सुताराने मला तासून गोल केले. रंगाऱ्याने माझ्या अंगावर लाल आणि पांढरे पट्टे ओढले आणि डोक्यावर पत्र्याची एक लाल तबकडी बसवली. तबकडीचा एक खिळा त्याने घाईघाईत तिरका ठोकला. त्यामुळे वारा सुटला की ती टिणटिण वाजायची. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. एवढ्या मानाच्या जागी उभे राहायचे आणि डोक्यावर हे खुळखुळ्यासारखे वाजणार, म्हणजे काय! पण रंगारी केव्हाच शिडी खांद्यावर टाकून निघून गेला होता.

माझ्यासमोर, मैदानाच्या पलीकडच्या कडेला, लाकडी जिन्याची एक छोटी खोली होती. तिच्यात पंच बसायचे. त्यांच्या खिडकीत एक बारीक तार उभी ताणलेली होती. ती तार आणि मी, आम्हा दोघांमधून एक रेघ जायची. ती कोणाला दिसत नसे, पण साऱ्या शर्यतीचा निकाल तिच्यावर लागायचा. जो घोडा आपले नाक त्या रेघेपलीकडे आधी नेईल, तो पहिला. जॉकीने, म्हणजे घोडेस्वाराने, हात पुढे केला किंवा त्याची टोपी उडून आधी पलीकडे पडली, तरी उपयोग नाही. नाक घोड्याचेच हवे. कधी एखादा घोडा पूर्ण अंगभर पुढे असायचा, कधी नुसता मानेभर, आणि कधी फक्त नाकाएवढा. तेव्हा समोर बसलेली हजारो माणसे श्वास रोखून माझ्याकडे पाहायची. मला आकाश ठेंगणे व्हायचे.

एक गोष्ट मात्र मी कधीच पाहिली नाही, ती म्हणजे शर्यतीची सुरुवात. मैदान लांबट गोल होते आणि घोडे निघायचे ते दूर पलीकडच्या झाडांमागून. बाकी सगळे मी ऐकून शिकलो. शर्यत नसली की माणसे मला टेकून गप्पा मारायची आणि खांबाला टेकलेला माणूस मन मोकळे करून बोलतो. शर्यतीआधी जॉकीला खोगिरासकट काट्यावर बसवून त्याचे वजन करतात, हे मी असेच ऐकले. जो घोडा चांगला धावतो त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळते. वजन कमी पडले तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या सरकवतात. शर्यत संपली की पुन्हा वजन होते, वाटेत कोणी पट्टी टाकून तर नाही ना दिली, हे पाहायला. मग घोड्यांना एका रांगेतल्या अरुंद कप्प्यांत उभे करतात. क्षणभर सगळे शांत होते. कप्प्यांची दारे एकदम उघडतात आणि पुढचे माझ्या कानावर यायचे ते जमिनीतून. आधी पायाशी बारीक थरथर, मग दूरवर ढोल वाजवल्यासारखा आवाज, मग वळणावर रंगीबेरंगी सदऱ्यांचा एक पुंजका. मला ते नेहमी स्वप्नासारखे वाटायचे. आत्ता नव्हते आणि आत्ता आहे, आणि बघता बघता ओल्या गवताचा वास मागे ठेवून ते निघूनही जायचे.

या सगळ्या पुंजक्यांतला एक घोडा माझ्या मनात घर करून राहिला. कागदावर त्याचे नाव लांबलचक आणि भारदस्त होते, पण तबेल्यात सगळे त्याला ढगोबा म्हणायचे. तो पहिल्यांदा आला तेव्हा पावसाळी ढगासारखा काळसर करडा होता. अशा घोड्यांचा रंग वयाबरोबर उजळत जातो. दर वर्षी तो थोडा थोडा पांढरा होत गेला, आणि माझे पट्टे दर वर्षी थोडे थोडे फिकट होत गेले.

त्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला सगळे काका म्हणत. खरारा करणे, चारा घालणे, खुरांतली माती काढणे, रात्री पायांना पट्ट्या बांधणे, ही त्यांची कामे. शर्यतीच्या वेळी ते माझ्या शेजारी कठड्याच्या फटीत उभे राहायचे. पायाशी पत्र्याची बादली, तिच्यात पाणी आणि एक मऊ फडका. ढगोबा माझ्यापुढून गेला की काका बादली उचलायचे. तिची कडी टिणटिण वाजायची. तो आवाज ऐकला की ढगोबा वेग कमी करून वळायचा, रमतगमत काकांकडे यायचा आणि आपले मोठे तोंड त्यांच्यासमोर धरायचा. काका आधी त्याच्या नाकपुड्या पुसायचे, मग डोळे. घोडा पहिला आलेला असो की शेवटचा, फडका सारख्याच मायेने फिरायचा.

काकांची लेक तबेल्यातच लहानाची मोठी झाली. पुढे ती जॉकी झाली आणि ढगोबावर स्वार होऊ लागली. अंगाने सडपातळ, बोलायला फटकळ. ती जिंकली की काका तिला काही म्हणायचे नाहीत, फक्त माझ्या अंगावर हलकेच थाप मारायचे. ती थाप मी शाबासकी म्हणून घ्यायचो. दुसरे होतेच कोण तिथे?

मग एका वर्षी मैदानाचे रूप पालटले. प्रेक्षकांसाठी मोठी नवी इमारत बांधली, तीही बरीच पुढे. शर्यतीचा शेवटही तिच्यासमोर नेला. तिथे लोखंडाचा चकचकीत खांब उभा राहिला. त्याला आरसा होता, वर कॅमेरा होता. पंचांची लाकडी खोली पाडली. मला मात्र कोणी काढले नाही. कामगार मुकादमाला म्हणाला, "याचं काय करायचं?" मुकादमाने मान वरसुद्धा केली नाही. "असू दे. कोणाला आडवा येतोय?"

मी कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा तिथे उरलो. घोडे आता माझ्यासमोरून पूर्ण वेगात निघून जायचे. माझ्याकडे कोणी पाहायचे नाही. लोकांचा गलकाही पुढे गेला आणि माझ्या आसपास शांतता पसरली. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू? सोबत होती ती एकट्या काकांची. नव्या खांबाजवळ मोतद्दारांना उभे राहू देत नसत. त्यांची जागा अजून तीच होती, माझ्या शेजारची फट. शर्यत संपली की त्यांनी धावत पुढे जायचे.

नव्या मैदानावर ढगोबाची पहिली शर्यत होती. वळणावरून तो सगळ्यांच्या पुढे आला. लेक त्याच्या मानेवर वाकलेली. पुढे जायला मोकळे गवत. आणि माझ्यापाशी येताच ढगोबाचे कान मागे वळले, त्याची पावले आखूड झाली आणि तो चक्क थांबायला लागला. लेकीने टाचा मारल्या, ओरडून पाहिले. तो पुन्हा धावू लागेपर्यंत बाकीचे सगळे निघून गेले होते.

आता माझा मूर्खपणा ऐका. मी हरखून गेलो. मला वाटले, सारे जग मला विसरले पण ढगोबा विसरला नाही. त्याच्या लेखी शर्यत अजून माझ्यापाशीच संपते. माझ्यासाठी थांबला तो! त्या संध्याकाळी वाऱ्यावर माझी तबकडी वाजत होती आणि मला तिची अजिबात लाज वाटली नाही.

दुसऱ्या शर्यतीत तेच घडले. या वेळी लोक हसले. डॉक्टरांनी त्याचे पाय तपासले, छाती तपासली, काहीच बिघडलेले नव्हते. मग ट्रेनर, म्हणजे घोड्यांना तयार करणारे साहेब, आणि ढगोबाच्या मालकीणबाई माझ्याजवळ येऊन बोलत उभे राहिले. मालकीणबाईंचे चष्म्याचे दुकान होते. गळ्यातली दुर्बीण पदराने पुसत राहायची त्यांना सवय होती.

"पाय थकले असते तर विश्रांती दिली असती," ट्रेनर म्हणाले. "याचं मन थांबलंय, बाई. त्याला औषध नाही. आणखी एकदा असा मध्येच थांबला तर पंच त्याला मैदानावर उभंही करणार नाहीत."

"मग?"

"मग बाजार. ओझी वाहायला कोणीतरी घेईल. आपल्या तबेल्यात जागा कुठे आहे?"

मालकीणबाई बराच वेळ दुर्बीण पुसत राहिल्या. "एक शर्यत आणखी धावू दे त्याला," त्या म्हणाल्या. "नंबर येवो न येवो. शेवटपर्यंत धावला तर मी त्याला कुठेही पाठवणार नाही. आणि थांबला, तर मग तुम्ही म्हणाल तसं."

 माझ्यासाठी थांबण्याची एवढी किंमत? मला ओरडून सांगायचे होते, अरे ढगोबा, मला ओळख दाखवू नकोस, मी आता कोणी नाही. पण खांबाला तोंड नसते. मूग गिळून बसण्यावाचून मी काय करणार होतो?

नंतर एक सकाळ आली, ती मला अजून डोळे मिटल्यावर दिसते. मला डोळे नाहीत, तरी दिसते. मैदान धुक्यात बुडाले होते. कठडा नव्हता, झाडे नव्हती, नवी इमारत नव्हती. फक्त पांढरे, ओले, हळूहळू हलणारे काहीतरी होते आणि त्यात मी होतो. काका चाचपडत आले आणि शेजारी उभे राहिले. लेक ढगोबाला सरावासाठी घेऊन गेली होती. मला वाटले, आज बरे आहे, आज मी त्याला दिसणारच नाही.

जमीन थरथरू लागली. ढगोबा दिसत नव्हता, नुसती त्याची पावले जवळ येत होती. काका लगबगीने बादली उचलायला वाकले. कडी वाजली. आणि धुक्यातली पावले थांबली.

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग धुक्यातून आधी ढगोबाचे तोंड बाहेर आले, काकांच्या छातीपाशी येऊन थांबले, आणि पाठोपाठ लेकीचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"कुठे काय? बादली उचलली. तू पुढे गेलीस की मला धावावं लागतं ना मागून. वेळेत पोचायला नको? त्याच्या नाकात धूळ असते."

"शर्यतीच्या दिवशीपण याच वेळी उचलता?"

"तो दिसला की लगेच उचलतो. त्याला ताटकळत ठेवू का?"

लेक खाली उतरली. "बाबा, मला आत्ता हा खांब दिसला नाही. त्यालाही दिसला नाही. तरी तो थांबला. तो खांबाला थांबत नाहीये. बादलीला थांबतोय."

 काकांनी बादली खाली ठेवली, अगदी जपून, दोन्ही हातांनी कडी धरून. मग ते मला टेकले. त्यांचे वजन मला ओळखीचे होते, पण त्या दिवशी ते फार जड लागले.

"पूर्वी इथे एवढा गलका असायचा," लेक म्हणाली, "की तो पुढे गेल्यावरच त्याला कडी ऐकू यायची. आता तुम्ही आधीच उचलता आणि इथे शांत असतं. त्याला लांबूनच ऐकू येतं. बादली वाजली म्हणजे काम झालं, एवढंच त्याला माहीत आहे."

"म्हणजे मीच त्याला थांबवत होतो," काका म्हणाले. "मी घाई करत होतो त्याच्यासाठी, आणि मीच..."  ढगोबा मात्र तोंड पुढे करून उभाच होता. शेवटी लेकीने फडका पिळला आणि बाबांच्या हातात दिला.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? इतके दिवस मी हवेत होतो तो धाडकन जमिनीवर आलो. माझ्यासाठी कोणी थांबले नव्हते. थोडे वाईट वाटले. पण त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटले, कारण आता यावर इलाज होता. ट्रेनरनी दारावरच्या पहारेकऱ्याशी बोलून काकांना नव्या खांबाच्या पुढे उभे राहण्याची परवानगी काढली. "एवढंच होतं होय!" असे म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला तो माझ्यापर्यंत ऐकू आला.

शर्यतीचा दिवस उजाडला. काका बादली घेऊन माझ्यासमोरून पुढे निघून गेले. जाताना त्यांनी बादलीची कडी रुमालाने बांधली होती. मी पहिल्यांदाच अगदी एकटा होतो. आणि तेव्हा मला वाऱ्याची चाहूल लागली.

सकाळपासून वारा नव्हता. तो नेमका आता उठला, झाडांच्या शेंड्यांवरून उतरला, गवतावरून माझ्याकडे निघाला. आणि माझ्या लक्षात आले, की माझ्या डोक्यावर एक पत्र्याची तबकडी आहे आणि तिचा एक खिळा सैल आहे. ती अगदी बादलीसारखी वाजते. टिणटिण.

पलीकडे कप्प्यांची दारे उघडली असावीत, कारण माझ्या पायाशी थरथर सुरू झाली. तबकडी एकदा हलली. वाजली नाही, नुसती हलली. जन्मभर मी एकच इच्छा केली होती, की सगळ्यांनी माझ्याकडे बघावे. त्या दिवशी मी मनापासून उलटे मागितले. मला कोणी पाहू नये, कोणी ऐकू नये, मी इथे नसल्यासारखा असावा. मी लाकडाचा कण न् कण आवळून धरला. लाकडाला तसे करता येते की नाही, मला माहीत नाही.

रंगांचा पुंजका वळणावर आला. मधोमध पांढरट ढगोबा. चौथा होता, मग तिसरा झाला. माझ्याजवळ येताना त्याचा एक कान माझ्याकडे वळला. तो आवाज शोधत होता. तो धावत असताना इतक्या जवळून मी त्याचा डोळा कधी पाहिला नव्हता, मोठा, काळा, आणि त्यात माझे फिकट पट्टे वाकडे होऊन दिसत होते. वारा माझ्याभोवती घुटमळला.

तबकडी वाजली नाही.

त्याचा कान पुन्हा पुढे झाला. आणि ढगोबा मला ओलांडून निघून गेला. त्याच्या टापांनी उडालेले एक ढेकूळ माझ्या अंगावर आदळले. इतकी वर्षे त्याला माझ्यापाशी हळू होताना पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची पाठमोरी धाव दिसली आणि ती फार सुंदर होती.

पुढे काय झाले ते मला दिसले नाही. नवा खांब माझ्यापासून लांब आणि गर्दी मध्ये. लोकांचा मोठा आवाज उठला आणि त्यात, अगदी पुसट, कुठेतरी कडी वाजली. ज्याच्यापाशी प्रत्येक शर्यतीचा निकाल लागायचा, त्या मला त्या शर्यतीचा निकाल कळला नव्हता. माझा जीव टांगणीला लागला.

बऱ्याच वेळाने तिघे परत आले. काका ढगोबाला हळूहळू चालवत होते, लेक शेजारून चालत होती, तिच्या तोंडावर माती होती.

"कितवा आला म्हणे?" काकांनी विचारले.

लेक चालता चालता थांबली. "तुम्ही तिथेच होतात ना, बाबा?"

"मी त्याचं नाक पुसत होतो."

लेक एवढी हसली की तिला माझा आधार घ्यावा लागला. "दुसरा. मानेभर कमी पडलो." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. काकांनी तोच ओला फडका तिच्या तोंडावरून फिरवला. ती नुसते तोंड पुढे करून उभी राहिली. मागून मालकीणबाई आल्या. त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत ठेवली आणि ढगोबाच्या मानेवर हात ठेवला. "आता हा आमच्या घरामागच्या कुरणात राहील," त्या म्हणाल्या. "पुरे झालं धावणं. पण काका, तुम्हाला यावं लागेल बरं का. माझ्या हातून तो नाक पुसून घेणार नाही."

जाताना लेकीने मुकादमाला गाठले. "हा खांब कोणाला नकोय ना? मग आम्ही नेतो."

म्हणून मी आता त्या कुरणात आहे. मोठ्या इमारती नाहीत, कॅमेरा नाही, गवत आणि ढग आहेत. ढगोबा आता पूर्ण पांढरा झाला आहे. परवा एक रंगारी आला, माझे पट्टे पुन्हा रंगवायला. काका त्याला म्हणाले, "सगळीकडे लाव, पण हा मधला भाग सोड. ती त्याची मान घासायची जागा आहे, रंग पोटात जाईल त्याच्या." खिळ्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. तबकडी वाजू दे म्हणाले, आता बिघडतंय काय.

मित्रांनो, तुमच्याही घरी, अंगणात, गोठ्यात कोणीतरी तुमच्यासाठी जीव तोडून धावले असेल. त्याचे धावणे संपले म्हणून त्याला बाजार दाखवू नका. आणि अजून कोणी धावत असेल, तर त्याच्या मायेपोटी वाटेतच हाक मारू नका. जिथे त्याला पोचायचे आहे, त्याच्या चार पावले पुढे जाऊन उभे राहा, हातात ओला फडका घेऊन.

संध्याकाळी काका येतात. बादलीची कडी वाजते आणि ढगोबा कुरणाच्या त्या टोकाहून निघतो, थोडा धावतो, मग चालतो, आणि माझ्यापाशी येऊन थांबतो. आता त्याच्या थांबण्याला कोणाचीच हरकत नाही. तो बादलीसाठी थांबतो, हे मला पक्के ठाऊक आहे. पण पाणी पिऊन झाले, नाक पुसून झाले आणि काका घरी गेले, की तो लगेच जात नाही. अंधार पडेपर्यंत माझ्या अंगावर मान टेकवून उभा राहतो. तेवढे मात्र माझे आहे.